एफएम बंद झालं तर पायरेट रेडिओचं काय होणार?

पूर्वलंडनकर
लंडनला येऊन नऊ वर्षं झाली. किचनमधे अजून जुना एफएमचा सेट आहे, एरियल मोडलंय म्हणून तार गुंडाळलीय. शुक्रवारी रात्री पोळ्या करताना काटा फिरवला की दोन मोठ्या स्टेशनांच्या मधल्या फटीत एक पायरेट, म्हणजे परवाना नसलेलं, स्टेशन लागतं. डीजे मोबाइल नंबर दहादा सांगतो, कोणाच्या तरी आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, मग कोपऱ्यावरच्या सलूनची जाहिरात, आणि मधेच सगळं गायब. आठवड्याने परत येतं, थोडं बाजूला सरकून. मला हे मनापासून आवडतं. आता नॉर्वेने २०१७ मधेच राष्ट्रीय स्टेशनं एफएमवरून काढली, स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक रेडिओने २०२४ च्या शेवटी एफएम बंद केलं, आणि इथेही सरकारच्या आढाव्यात २०३० पर्यंत तरी एफएम राहील असं म्हटलंय, म्हणजे त्यानंतरचं काही पक्कं नाही. डिजिटल आल्यावर ही मंडळी संपणार का? टेक्निकल माहिती असलेल्यांनी सांगा प्लीज.

आरएफवाला_पुणे
ट्रान्समीटरवर बरीच वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. एफएमला एक डबा, एक एरियल, एक फ्रिक्वेन्सी, झालं स्टेशन. म्हणूनच तिकडे उंच बिल्डिंगच्या गच्चीवर ट्रान्समीटर ठेवतात आणि स्टुडिओ दुसरीकडेच, मधे मायक्रोवेव्ह लिंक, म्हणजे धाड पडली तरी डबाच जातो, माणसं नाही. डॅबमधे, म्हणजे डिजिटल रेडिओत, एकट्या स्टेशनला जागाच नसते, दीड मेगाहर्ट्झच्या एका ब्लॉकमधे दहा-पंधरा स्टेशनं एकत्र बांधून जातात, त्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. म्हणजे पायरेटने एक तर अख्खा मल्टिप्लेक्स उभा करायचा नाहीतर गप्प बसायचं. आणि चालू ब्लॉकवर जाऊन बसलात तर त्या भागात एका फटक्यात सगळ्याच स्टेशनांची वाट लागते, मग शोधायला कोण उशीर करेल?

अजून एक, एफएम कमकुवत असलं तरी खरखरीतून गाणं ऐकू येतं. डॅबचा सिग्नल जरा खाली गेला की आधी बुडबुडे आल्यासारखा आवाज आणि मग एकदम शांतता. लहान ट्रान्समीटरवाल्याला हे फार महागात पडतं.

डब्लिनची_सई
काका, पण अख्खा मल्टिप्लेक्स उभा करणारेही आहेत! इथे आयर्लंडमधे आरटीई या सरकारी प्रसारण संस्थेने २०२१ मधे स्वतःचं डॅब बंद केलं, ब्लॉक मोकळे पडले, आणि पुढे फ्रीडॅब नावाचा विनापरवाना मल्टिप्लेक्स चालू झाला, एकाच वेळी बरीच स्टेशनं. सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, साधा कॉम्प्युटर आणि एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारं रेडिओ यंत्र) असलं की सिग्नल तयार होतो. त्यामुळे डिजिटल म्हणजे पायरेट संपले असं मला तरी वाटत नाही.

काटाफिरवणारा
माझ्या मते खरा प्रश्न ट्रान्समीटरचा नाहीच, ऐकणाऱ्याच्या सेटचा आहे. काटा फिरवताना जे मधे सापडतं ते डिजिटलमधे सापडत नाही, नावांची यादी येते आणि नवीन स्टेशन हवं असेल तर परत स्कॅन मारावं लागतं, घरात कोण मारतं स्कॅन? उद्या एफएम पट्टा रिकामा झाला तर पायरेटला जागाच जागा, पण सेटवरचं एफएमचं बटण कोणी दाबणारच नसेल तर बोलायचं कोणाशी.

आपल्याकडचंच बघा. १९४२ च्या ऑगस्टमधे उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर, पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राहिले, नोव्हेंबरमधे धाड पडलीच. पण ते तेवढे महिने चाललं कारण ऐकणाऱ्याला नवीन काही विकत घ्यायचं नव्हतं, सेट लोकांकडे आधीच होता.

आरएफवाला_पुणे
हे बरोबर बोललात. फक्त पायरेटचं सगळंच गोड नसतं, १०८ मेगाहर्ट्झच्या वर लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो, घरगुती ट्रान्समीटर नीट फिल्टर नसेल तर तिथे घाण सांडते. त्यामुळे मला ब्रिटनचा रस्ता पटतो. ऑफकॉमच्या, म्हणजे तिथल्या प्रसारण नियामकाच्या, एका इंजिनिअरने हेच ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरून स्वस्तातला छोटा मल्टिप्लेक्स करून दाखवला, २०१५ मधे दहा ठिकाणी चाचणी झाली, २०१७ मधे त्यासाठी कायदा झाला. परवाना घेऊन छोट्या भागापुरतं डॅब. किस एफएम १९९० ला आणि रिन्स एफएम २०१० ला पायरेटचे परवानाधारक झालेच होते, पण तेव्हा एफएमवर जागा अगदी मोजकी होती. आता दार जरा मोठं झालंय.

डब्लिनची_सई
पण परवान्याचा फॉर्म भरायचा, दर महिन्याला मल्टिप्लेक्सवाल्याला पैसे द्यायचे, हे आजीला शुभेच्छा देणाऱ्या त्या पोराला जमणार का? तो सरळ इंटरनेटवर जाईल. आणि तिथे लिंक माहीत असलेलेच ऐकतात, पोळ्या करणारं कोणी चुकून सापडत नाही.

पूर्वलंडनकर
सगळ्यांचे आभार. काल हॉलमधल्या डॅबच्या सेटवर पहिल्यांदाच परत स्कॅन मारला, चार वर्षांत मारला नव्हता. यादीत कधी न ऐकलेली सात नावं आली, त्यातलं एक आमच्याच भागातलं, बाई बंगालीत बोलत होती आणि शाळेच्या जत्रेची वेळ सांगत होती. किचनमधला सेट मात्र काढणार नाही, तार बदलून घेतो.