परीघरांच्या निमित्ताने लेकीला जंगलाची गोडी लागेल का?

प्रश्न: आम्ही बॉस्टनजवळ राहतो. जुलैत 6 वर्षांच्या लेकीला मेन राज्यातल्या मॉन्हेगन बेटावर नेतोय. तिथल्या कॅथीड्रल वूड्स या जंगलात मुलं झाडाच्या बुंध्याशी परीघरं, म्हणजे परीसाठी चिमुकली घरं, बांधतात. ही किडा दिसला की किंचाळते, पण परी म्हटलं की हरखते. घरून काय काय सामान न्यावं?

उत्तर: ताई, काहीच नेऊ नका! गोंद, चमकी, प्लॅस्टिक तर मुळीच नको. गळून पडलेलंच वापरायचं: वाळक्या काटक्या, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे शंकू, सालीचे तुकडे. जिवंत शेवाळ उपटायचं नाही. 1954 पासून एक न्यास ते जंगल राखतोय, म्हणून तर ते तसं उरलंय. आमचा मुलगाही किड्यांना घाबरायचा. छपरासाठी साल उचलली, तर खाली राखाडी किडे वळवळत होते. मी हळूच म्हटलं, "अरे, इथे आधीच कुणीतरी राहतंय." पठ्ठ्या पालथा पडून बघत राहिला, पाय मोजायला लागला! मग साल होती तशी ठेवली आणि स्वतःच दुसरं छप्पर शोधलं. तुम्ही मात्र घाई करू नका, घर तिलाच बांधू द्या.

दुसरं उत्तर: आपला दिवाळीतला किल्लाच की हा! मातीत हात घालायची माझी भीती किल्ल्यावर अळीव पेरतानाच गेली. एक भिंग तेवढं न्या.

प्रश्नकर्ती: भिंग आजच घेते. आणि "इथे कोण राहतं?" हे तिला नक्की विचारणार.