मदत हवी आहे: धावत्या गाडीचे डबे फोटोत तिरके येतात, उभ्या गाडीचे सरळ

नमस्कार मंडळी,

रेल्वेगाड्यांचे फोटो काढायला लागून मला तीन वर्षं झाली. आजवर कुठे अडलं की जुने धागे वाचून मार्ग निघायचा. या वेळी मात्र नेमकं काय शोधायचं तेच कळत नाहीये, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

फलाटाच्या टोकाला, रेषेच्या आत उभी राहून मी पलीकडच्या रुळावरून आडव्या जाणाऱ्या गाडीचे फोटो घेते. फोटो स्वच्छ येतो. इंजिनाचा क्रमांक वाचता येतो, खिडकीच्या काचेवर पावसाने काढलेले धुळीचे ओघळसुद्धा दिसतात. पण दरवाजाची चौकट ओळंब्यात नसते. खिडक्या, दरवाजे, दोन डब्यांमधली फट, सगळं एकाच बाजूला कललेलं. चौकोनी खिडकी रेलून बसल्यासारखी दिसते. आणि त्याच फोटोत डब्याच्या छतावरून डोकावणारा मागचा खांब मात्र अगदी सरळ! कॅमेराच वाकडा धरला गेला म्हणावं, तर खांबही वाकडा यायला हवा होता.

आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते सांगते. पहिला संशय लेन्सवर होता. त्याच लेन्सने, त्याच जागेवरून थांबलेल्या गाडीचा फोटो घेतला, सगळ्या रेषा सरळ आल्या. मग वाटलं शटर कमी पडतंय. एकाच दुपारी १/५००, १/१०००, १/२००० आणि १/४००० सेकंद अशा चारही वेगांवर फोटो काढले. जसजसं शटर जलद केलं तसतशी कडांची पुसटता कमी होत गेली, पण कल तेवढाच राहिला. संगणकावर रेघ आखून मोजला. वेगात जाणाऱ्या प्रवासी गाडीला जवळजवळ ५ अंश भरला, रेंगाळत गेलेल्या मालगाडीला एक अंशही नाही. डावीकडे जाणारी गाडी एका बाजूला कलते, उजवीकडे जाणारी बरोबर उलट. समोरून येणाऱ्या गाडीच्या तोंडाच्या फोटोत हा प्रकार दिसत नाही.

साहित्य: २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा, ३५ मिमी लेन्स. चौकटीत गाडीची साधारण १५ मीटर लांबी मावते आणि डबा उंचीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. शेजारी लहान रेकॉर्डर ठेवलेला असतो, कारण इंजिनाचा आवाज आणि भोंगाही मी जपून ठेवते. त्यात कॅमेऱ्याची खटखट येऊ नये म्हणून आवाज बंद असलेला मोड लावते. त्यात एका सेकंदात फोटोही जास्त मिळतात.

एवढ्या कलाचं काय घेऊन बसलीस, असं घरी विचारतात. माझा विषयच असा आहे की तो कल मला चालत नाही. आमच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि डिझेल इंजिनं एकेक करून जायला लागली. जी अजून धावताहेत त्यांचा प्रत्येकीचा एक अगदी आडवा, सरळ फोटो मला हवा आहे, तोही धावताना. पुढे कुणाला त्या इंजिनाची ठेवण पाहायची झाली, तर फोटोवर विश्वास ठेवता आला पाहिजे. चालकाच्या पायऱ्यांशेजारी एक उभी दांडी असते. हात पडतो नेमक्या त्या उंचीवर तिचा रंग झिजून खालचं लोखंड चकाकतं, वर आणि खाली रंगाचे थर जाड राहतात. कित्येक वर्षं कित्येक हात तिथे पडलेत. ती दांडी फोटोत वाकडी आली की मला फार वाईट वाटतं.

सॉफ्टवेअरमध्ये डबे ओढून सरळ करून पाहिले, तर मागचे खांब वाकडे झाले. शिवाय असं ओढूनताणून सरळ केलेलं चित्र नोंद म्हणून ठेवावं का, हाही प्रश्न आहेच.

आणखी एक अडचण. डब्याच्या बाजूला गावाचं नाव दाखवणारी एलईडी पाटी असते. डोळ्यांना ती अखंड दिसते, पण माझ्या फोटोत अक्षरांच्या मधल्या ओळीच गायब असतात. कधी नुसत्या वरच्या रेघा येतात. दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुम्ही इतक्या पद्धतशीर चाचण्या केल्या आहेत की उत्तर तुमच्याच मजकुरात सापडलं. ‘आवाज बंद असलेला मोड’ हेच कारण. त्या मोडमध्ये कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे सेन्सरसमोर उघडझाप करणारं यांत्रिक शटर, हलतच नाही. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, आपल्या ओळी एकामागून एक वाचतो, वर्गात ओळीने हजेरी घेतात तशी. शेवटच्या ओळीची पाळी येईपर्यंत गाडी पुढे सरकलेली असते. म्हणून डब्याचं छत एका क्षणाचं आणि चाकं नंतरच्या क्षणाची, किंवा सेन्सर उलट्या क्रमाने वाचत असेल तर त्याच्या उलट. याला रोलिंग शटर म्हणतात.

आता १/४००० लावूनही फरक का पडला नाही, ते बघा. शटरचा वेग म्हणजे एक ओळ किती वेळ प्रकाश घेते तो काळ. सगळ्या ओळी वाचून व्हायला लागणारा काळ वेगळा आणि तो बदलत नाही. म्हणून पुसटता गेली आणि कल राहिला.

हिशेब करून पाहू. हा वाचनाचा काळ कॅमेऱ्यागणिक वेगळा असतो, आपण १/३० सेकंद धरू. डबा उंचीचा एक तृतीयांश भाग व्यापतो, म्हणजे छतापासून तळापर्यंत १/९० सेकंद. ताशी ९० किमी म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तेवढ्या वेळात गाडी सुमारे २८ सेंमी सरकली. चौकटीची रुंदी १५ मीटर तर उंची १० मीटर, म्हणजे डब्याला ३.३ मीटर. ३.३ मीटर उंचीत २८ सेंमीचा फरक म्हणजे जवळजवळ ५ अंश. तुम्ही रेघ आखून मोजलात तेवढाच!

उपाय सोपा आहे. मेनूत शटरचा प्रकार बदलून यांत्रिक करा. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आणि दुसरा यांत्रिक असा मधला पर्याय असेल तर तोही चालेल. यांत्रिक पडदा सगळा सेन्सर साधारण १/२५० सेकंदात ओलांडतो. म्हणजे त्याच डब्यासाठी १/७५०, आणि गाडी सरकली ३ सेंमीच्या आसपास. कल अर्ध्या अंशाच्या जवळ राहील, तो डोळ्यांना जाणवत नाही. रेकॉर्डर मात्र कॅमेऱ्यापासून दूर ठेवावा लागेल.

हे दुखणं डिजिटल कॅमेऱ्यासोबत आलेलं नाही. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग यांचा शर्यतीच्या मोटारीचा प्रसिद्ध फोटो शंभर वर्षांहून जुना आहे. त्यात मोटारीचं चाक पुढे झुकलेलं लंबगोल आहे आणि रस्त्याकडेचे प्रेक्षक मागे झुकलेले. त्या काळच्या कॅमेऱ्याचा पडदा हळू सरकायचा आणि लार्तिग कॅमेरा मोटारीबरोबर फिरवत होते, पण मोटारीपेक्षा कमी वेगाने. सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचणारा फुल फ्रेम कॅमेरा, सोनी अल्फा ९ थ्री, २०२३ मध्ये जाहीर झाला. तुम्हाला त्याची गरज नाही, तुमच्या कॅमेऱ्यातला पडदा पुरेसा आहे.

मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांनाही सांगतो. मोबाइलमध्ये बहुधा यांत्रिक पडदा नसतोच, त्यामुळे तिथे गाडी आडवी न घेता तिरप्या कोनातून घेणं बरं.

प्रतिसाद २

वरचं उत्तर अचूक आहे. पाटीबद्दल मी लिहितो, कारण ते दुखणं वेगळं आहे आणि यांत्रिक शटरने जाणार नाही.

त्या पाटीवरचे सगळे दिवे एकाच वेळी लागलेले नसतात. ओळी पाळीपाळीने उजळतात, इतक्या झपाट्याने की डोळ्याला सगळं नाव सलग दिसतं. १/१००० मध्ये काही ओळींची पाळी येतच नाही. पूर्ण फेरी टिपायची तर शटर सावकाश हवं. १/१२५ पासून सुरुवात करा आणि अक्षरं तुटत असतील तर आणखी खाली या.

मग प्रश्न येतो पुसटपणाचा. तुमच्या चौकटीत ६००० पिक्सेलमध्ये १५ मीटर आहेत, म्हणजे एक पिक्सेल अडीच मिमी. कॅमेरा स्थिर असेल तर १/१००० ला गाडी १० पिक्सेल पुसली जाते, १/१२५ ला ८०. म्हणून पाटी हवी तर पॅनिंगला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो घेण्याला, पर्याय नाही.

पाय तिथे रोवा जिथे फोटो घ्यायचा आहे. मग कमरेतून वळून गाडी येते त्या दिशेला जा. दुरून इंजिनाची एक खूण धरा, तुमच्या बाबतीत ती दांडीच धरा. ती चौकटीत एकाच जागी राहील अशी कंबर फिरवत या, फिरता फिरता बटण दाबा, आणि दाबल्यावर थांबू नका. सगळे इथेच चुकतात. बटणाबरोबर हात थांबतो आणि फोटो बिघडतो. गाडी जवळून जात असेल तर तिचा तुमच्या बरोबर समोरचा भागच धारदार येतो, पुढचे-मागचे डबे पुसट होतात, कारण त्यांचा कोन वेगळ्या गतीने बदलत असतो. ते टाळायचं तर लांब लेन्स घेऊन दूर उभं राहा. आणि पॅनिंग करतानाही आवाज बंद मोड नको, नाहीतर गाडी सरळ येईल आणि खांब कलतील.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत सांगतो. मूळ फाइल जपून ठेवली आणि दुरुस्ती केल्याचं लिहून ठेवलं तर सरळ करायला हरकत नाही. मात्र नवीन फोटो मिळण्यासारखा असेल तर नवीनच घ्यावा. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार विन्स्टन लिंक यांनी १९५५ पासून पाच-एक वर्षं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनांचे फोटो रात्री काढले. सूर्य आपल्या हातात नाही म्हणून कितीतरी फ्लॅशबल्ब तारांनी जोडून ते स्वतःचा प्रकाश उभा करत. १९६० मध्ये ती इंजिनं थांबली आणि ते काम संपलं. तुमची इंजिनं अजून धावताहेत, तेव्हा उशीर करू नका. फक्त लिंक यांचं पाहून कुणी आज गाडीवर फ्लॅश मारू नये. त्यांनी ते रेल्वेच्या परवानगीने केलं होतं, आणि चालकाचे डोळे दिपवण्याइतकी धोक्याची दुसरी गोष्ट नाही.

प्रतिसाद ३

फोटोबद्दल वर सगळं आलं आहे. मला एकच सांगायचं आहे, आणि कळकळीने सांगतो. तुमच्या मार्गावर तारा आल्या आहेत असं लिहिलंय. बऱ्याच ठिकाणी त्यांत २५,००० व्होल्ट असतात आणि झटका बसायला तारेला स्पर्श व्हावा लागत नाही, जवळ गेलं तरी पुरतं. ट्रायपॉड पाय लांब करून खांद्यावर टाकून चालू नका, पादचारी पुलावर तर नाहीच. कॅमेरा काठीला लावून उंच धरू नका. आणि पॅनिंग करताना सगळं लक्ष दृश्यदर्शकात असतं, अशा वेळी आपल्या बाजूच्या रुळावर दुसरी गाडी आली तर पहिलीच्या आवाजात तिचा आवाज ऐकू येत नाही. फलाटाच्या रेषेपासून चांगली दोन पावलं मागे उभं राहा, कमरेतून वळताना एक पाय पुढे पडतोच.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज सकाळी जाऊन आले.

शटर यांत्रिक केलं, तीच जागा, तीच लेन्स. पहिल्याच गाडीचे दरवाजे सरळ! संगणकावर रेघ आखून पाहिली तर कल मोजण्यासारखा उरलेला नाही. तीन वर्षांत जवळजवळ सगळे आडवे फोटो मी आवाज बंद ठेवून काढले होते, त्यामुळे जी इंजिनं गेली त्यांचे फोटो आता तसेच राहणार. त्यांची मूळ फाइल ठेवून सरळ केलेली प्रत वेगळी करतेय आणि प्रत्येकीवर तसं लिहितेय.

रेकॉर्डर लांबच्या बाकाखाली ठेवला. खटखट अगदी बारीक येते, पण भोंगा वाजला की तीही ऐकू येत नाही.

पॅनिंगचे चाळीसेक फोटो घेतले, बहुतेक बिघडले. दांडीची खूण धरायची युक्ती मात्र फार कामाला आली. १/१०० वर एक फोटो असा आलाय की पाटीवरचं नाव पूर्ण वाचता येतं. १/१६० वर खालची एक ओळ अजून तुटते. प्रतिसाद ३ वाचल्यावर उभी राहायची जागा दोन पावलं मागे घेतली, आणि खरंच, वळताना डावा पाय पुढे पडत होता.

आता एकच विचारायचं आहे. संध्याकाळी इंजिनाचा मोठा दिवा लागलेला असतो आणि गाडी तिरप्या कोनातून आली की कॅमेरा त्या दिव्याला भुलून बाकी सगळं इंजिन काळं करतो. गाडी यायच्या आधी रुळांमधल्या खडीवर प्रकाश मोजून सेटिंग हाताने पक्कं करून ठेवलं तर चालेल का? की खडीपेक्षा दुसरं काही मोजायला बरं? गडद रंगाच्या इंजिनांसाठी कुणी केलं असेल तर सांगा, आठवड्याअखेरीस पुन्हा जाणार आहे.