‘विझर्ड’ला मराठीत काय म्हणायचं? जादूगार, मांत्रिक, सिद्ध की अजून काही

रावपुरा:
मंडळी एक शब्द अडलाय. आमच्या वाचनगटात सध्या स्विस मानसशास्त्रज्ञ युंगचे आदिबंध (आर्किटाइप, म्हणजे सगळ्यांच्याच मनात खोलवर असलेल्या मूळ प्रतिमा) चाललेत, सगळं इंग्रजीतून, आणि मला त्याचं मराठी टिपण करायचंय कारण गटात दोन-तीन काकू आहेत ज्यांना इंग्रजीपेक्षा मराठी नाहीतर गुजराती बरं पडतं. ‘विझर्ड’ म्हणजे इथे आपल्याच आत असलेला, वाट दाखवणारा शहाणा. ‘जादूगार’ लिहिलं तर काकू म्हणाल्या टोपीतून ससा काढतो तो का? आणि ‘मांत्रिक’ म्हटलं की थेट लिंबू-मिरची. काय लिहू?

मांडवी:
मांत्रिक नकोच गं. आमच्या गल्लीत गुजराती लोक त्याला भुवा म्हणतात, त्याच्याकडे दाण्यांवरून कौल बघायला जातात, आपल्याकडचा देवऋषी, भगत, पंचाक्षरी हे सगळे त्याच ओळीतले. अडचण घेऊन माणूस जातो, तो काहीतरी उतारा सांगतो, आपण घरी येतो. स्वतःला काही कळलं असं त्यात होतच नाही. मी तर ‘सिद्ध’ म्हणेन, नाथपंथाचा वास आहे त्याला.

दांडिया बाजार:
जरा सविस्तर लिहितो, विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. ‘विझर्ड’ हा शब्द पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ शहाणा, तत्त्वज्ञ असाच होता, ‘वाइज’ला शेपूट जोडून केलेला, जादूचा अर्थ साधारण शंभर वर्षांनी चिकटला. आणि ‘वाइज’चं मूळ शोधत गेलं तर ते आपल्या ‘विद्’ धातूपाशीच येतं, म्हणजे वेद, विद्या, विद्वान यांचाच लांबचा भाऊबंद. उलट ‘जादू’ फारसीतून आली आणि तिचं वैदिक भावंड आहे ‘यातु’, ज्यावरून यातुधान, म्हणजे काळी जादू करणारा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (७.१०४) वसिष्ठ शपथ घेतात, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी यातुधान असेन तर आजच मरेन. एवढा मोठा ऋषी ज्या आरोपाला इतका कळवळून नाकारतोय तोच शब्द आतल्या शहाण्याला लावायचा हे मला तरी पटत नाही. जादूगार रंगमंचावर शोभतो, तिथे त्याला मान आहेच.

आता ‘सिद्ध’. मांडवीताई, शब्द सुंदर आहे पण त्याला सिद्धी चिकटलेली आहे आणि नेमकी तीच इथे अडचण. चांगदेव आठवा. परंपरा सांगते चौदाशे वर्षं आयुष्य, वाघावर स्वारी, हातात सापाचा चाबूक, आणि ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायना काय घालावा तेच सुचेना, वयाने धाकटा म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार, शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताई म्हणाली चौदाशे वर्षं जगून कोराच राहिला की हा. त्याला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या, चांगदेव पासष्टी. पतंजलीही योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सांगून ठेवतात की सिद्धी या समाधीत उपसर्ग आहेत, म्हणजे विघ्नच. युंगला हा धोका दिसत होता, आतल्या त्या मूर्तीची शक्ती माणूस स्वतःचीच समजायला लागला की तो फुगतो, हे त्याने बजावून सांगितलंय.

आणि आपल्या बडोद्यातली गोष्ट तर इथे सांगायलाच हवी. जानेवारी १९०८, सुरतेचं काँग्रेस अधिवेशन नुकतंच मोडलं होतं, अरविंद घोष इथे आले आणि विष्णू भास्कर लेले नावाच्या मराठी योग्याबरोबर खोली बंद करून बसले. लेल्यांनी सांगितलं एवढंच की बसा, विचार करू नका, नुसतं मनाकडे बघा, विचार बाहेरून आत शिरताना दिसतील, ते शिरायच्या आधीच परतवा. तोवर अरविंदांना विचार आपल्याच डोक्यात तयार होतात असंच वाटायचं, पण त्यांनी वाद न घालता बघितलं, आणि तीन दिवसांत मन गप्प झालं असं त्यांनी स्वतः लिहिलंय. नंतर लेल्यांनी त्यांना आतल्या मार्गदर्शकाच्याच हवाली केलं आणि स्वतः बाजूला झाले. आता युंगकडे या. १९१३ नंतरच्या काळात त्याला मनातल्या मनात फिलेमॉन नावाचा म्हातारा दिसायचा, बैलाची शिंगं, हातात चार किल्ल्या, पंख खंड्या पक्ष्याचे, युंग बागेत त्याच्याशी बोलत फिरायचा. हा फिलेमॉन काय शिकवतो, तर विचार तू निर्माण करत नाहीस, ते रानातल्या जनावरांसारखे आहेत, खोलीत आलेल्या माणसांसारखे. मला दोन्ही वाचून अंगावर काटा आला होता, कारण झ्युरिकच्या त्या म्हाताऱ्याने सांगितलं ते काही वर्षं आधी बडोद्यात एका मराठी माणसाने सांगून झालं होतं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

म्हणून माझं मत ‘जाणता’. विद्वान म्हटलं की पुस्तकं आली. जाणता म्हणजे ज्याला कळतं. ‘चार जाणती माणसं बोलवा’ म्हणतो तेव्हा आपण डिग्री विचारत नाही. समर्थांनी शिवाजी महाराजांना लिहिताना यशवंत, कीर्तिवंत करत करत शेवटी ‘जाणता राजा’ म्हटलं. आणि पोर मोठं झालं की आपण म्हणतो ते आता जाणतं झालं, म्हणजे जाणता कुणी बाहेरून येऊन बसत नाही, माणूसच जाणता होतो. युंगला जे म्हणायचंय ते या एका क्रियापदात आहे.

मांडवी:
पटलं. सिद्ध मागे घेते. पण काका, नुसतं जाणता लिहिलं तर ते गूढ, ती शिंगं, त्या किल्ल्या, ते सगळं जातं की. अनुभवी माणूस एवढंच उरतं.

दांडिया बाजार:
हो, तेवढं जातं, हे खरं आहे. पहिल्यांदा येतो तिथे ‘आतला जाणता’ लिहा आणि वर्णन येईल तिथे गूढ वर्णनातूनच येऊ द्या. गोष्टीतला, झग्या-दाढीतला विझर्ड असेल तिथे ‘मायावी’ चालेल, पण आदिबंधाला नको, त्यात फसवणुकीची छटा आहे.

रावपुरा:
आणि बाई असेल तर ‘जाणती’, सरळ! काकूंना फोनवर वाचून दाखवलं, त्या लगेच म्हणाल्या आमची आत्या तशी होती, कुणी रडत आलं की आधी पाणी द्यायची आणि मग नुसतं ऐकत बसायची. टिपणात ‘आतला जाणता / आतली जाणती’ घालते, आणि लेल्यांचा परिच्छेद पण घेते, चालेल ना काका?

दांडिया बाजार:
घे की. साल नीट लिही, १९०८.