सड्यावर मे महिन्यात सर्व्हे, काहीच दिसलं नाही तर काय लिहायचं?

कातळवेडा: मंडळी, रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर (कातळाच्या उघड्या पठारावर) वनस्पती आणि प्राण्यांचा सर्व्हे करायचाय, काम आलंय मे मध्ये आणि रिपोर्ट मागतायत जूनच्या पहिल्या आठवड्यात. १ बाय १ मीटरचे क्वाड्रॅट (मोजणीच्या चौकटी) टाका आणि रात्री मोबाईलवर घुबडांचे कॉल वाजवा असं सांगितलंय. सगळा कातळ करपलाय, दिपकाडी (कंदाची दुर्मिळ रानवनस्पती) नाही मिळाली तर सरळ 'नाही' लिहू का?

सडाफिरस्ता: अजिबात नको रे बाबा. मे मध्ये दिपकाडीचा कंद मातीखाली असतो, पहिल्या पावसावर वर येते, जून-जुलैत फुलते आणि आटोपते पण. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू या सड्यावरच्या वनस्पती त्यानंतर. म्हणजे निदान तीन फेऱ्या हव्यात, पाऊस सुरू झाल्यावर, ऑगस्टमध्ये आणि सप्टेंबर अखेर. क्वाड्रॅट सर्रास वाढणाऱ्या झाडोऱ्याला ठीक, दुर्मिळ झाड बरोबर त्या चौकटीत सापडायला नशीब लागतं. त्यापेक्षा भेगा, डबकी, मातीचा पातळ थर असं एकेक ठिकाण धरून सावकाश चालत शोधायचं, जीपीएस ट्रॅक चालू ठेवून. आणि लिहायचं 'अमुक तारखांना, इतके तास, इतक्या जणांनी शोधली, आढळली नाही'.

राजापूरची: दगड उलटणार असशील तर हात घालू नकोस हां, खाली फुरसं (विषारी साप) असतं. आकड्याने दगड आपल्या बाजूला उचलायचा म्हणजे फट पलीकडे उघडते. बघून झालं की होता तसाच ठेव, खालची ओल गेली की तिथलं सगळं जातं. देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) मे मध्ये वर शोधत बसू नकोस.

पिंगळ्यामागे: कॉलचं मी सांगतो. आधी दहा मिनिटं नुसतं ऐका, मग अर्धा मिनिट वाजवा, परत शांत, आणि उत्तर आलं की बंद!! रातवा पक्ष्याची अंडी या दिवसात उघड्या कातळावर असतात, टॉर्च घेऊन आडवंतिडवं फिरू नका. आणि सगळी घुबडं रात्रीचीच नसतात, वन पिंगळा दिवसा फिरतो. १८८४ नंतर तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. मधे मायनर्ट्झहागेन नावाच्या पक्ष्यांचे नमुने जमवणाऱ्या इंग्रज साहेबाने चोरलेल्या नमुन्यावर १९१४, गुजरात असं खोटं लेबल लावलं होतं, त्यापायी लोक भलतीकडे शोधत राहिले. एका खोट्या नोंदीने किती वर्षं खाल्ली बघा.

कातळवेडा: पटलं, पण पावसात परत जायला पैसे नाहीत म्हणतायत.

सडाफिरस्ता: मग पहिल्याच पानावर लिही की हा फक्त उन्हाळ्यातला सर्व्हे आहे, पावसाळी वनस्पती यात धरलेल्या नाहीत. परिशिष्टात ढकललंस तर कुणी वाचत नाही. आणि पुढे काही सापडलंच तर नेमकं लोकेशन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, कंद उकरून नेणारे टपलेलेच असतात.