कॅनन २००डी साठी मधल्या पल्ल्याची झूम: तालमीसाठी एफ/२.८ की लांब पल्ल्याची १८-१३५?

हौद्याकाठी:
बॉडी कॅनन २००डी, सोबत आलेली १८-५५ एफ/४-५.६. काम तीन ठिकाणी. तालमीतला सराव (आत ट्यूबलाइट, खोली लहान), कोल्हापूरच्या खासबागेत कुस्तीचं मैदान असलं की प्रेक्षकांतून कुस्ती, आणि चैत्रात जोतिबाची यात्रा. बजेट ३० हजार, जुनी लेन्स चालेल. डोक्यात चार नावं आहेत: सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस, कॅनन १७-५५ एफ/२.८ आयएस, कॅनन १८-१३५ यूएसएम आणि टॅमरॉन २४-७० एफ/२.८. शेवटची अशासाठी की पुढं फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेतला तर तीच वापरता येईल. एकच घ्यायची तर कुठली?

तांबडा_पांढरा:
तिन्हीकडं एकच लेन्स पुरणार नाही, हे आधी धरून चाला. मग निवड सोपी होते.

तालमीपासून बघू. डाव पकडायचा तर शटर १/५०० तरी लागतं. ट्यूबलाइटच्या उजेडात ५५ मिमीला एफ/५.६ वर (एफचा आकडा लहान तेवढा लेन्समधून उजेड जास्त) आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, २५६०० पर्यंत जातो. या बॉडीची नेहमीची कमाल तीच, आणि अंगावरची माती आणि कातडी एकाच रंगाची दिसायला लागते. एफ/२.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड. तेच शटर आयएसओ ६४०० वर मिळतं. १८-१३५ इथंच बाद, कारण ५० मिमीपर्यंत जाता जाता तीही एफ/५ च्या आसपास येते.

आयएस किंवा ओएस आहे म्हणून शटर कमी ठेवू नका. ते तुमचा हात स्थिर करतं, पैलवानाला नाही.

टॅमरॉन २४-७० चांगली आहे, पण २००डी चा सेन्सर २२.३ मिमी रुंद. हौद्यापासून (कुस्तीच्या मातीपासून) ३ मीटरवर उभे राहिलात तर १७ मिमीला साधारण ३.९ मीटर रुंदी बसते, २४ मिमीला फक्त २.८. एका पैलवानाचा पाय बाहेर गेलाच म्हणून समजा. मागं सरकावं तर मागं भिंत. शिवाय वजन ८२५ ग्रॅम आणि बॉडी ४५३ ग्रॅमची. फुल फ्रेम घ्याल तेव्हा त्याची लेन्स घ्या, आजच्या खोलीत उद्याच्या कॅमेऱ्याची लेन्स कशाला?

म्हणजे सिग्मा १७-५० किंवा कॅनन १७-५५. दोन्ही एफ/२.८, दोन्हींना फिल्टर ७७ मिमी. कॅननचा फोकस जास्त भरवशाचा, पण पुढच्या काचेमागं धूळ जाण्याबद्दल ती बदनाम आहे. तुमच्या यादीत जोतिबाचा गुलाल आहे, तेव्हा विचार करा.

खासबागेचं म्हणाल तर ३० मीटरवरून ५० मिमीला १३ मीटर रुंदीचं दृश्य येतं, कुस्ती त्यात मुंगीएवढी. तिथं जुनी ५५-२५० एसटीएम घ्या. दिवसाउजेडी एफ/५.६ पुरतं.

गंगावेस_७७:
वरच्याशी सहमत. मी सिग्माकडं झुकेन, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. फोकस होताना तिची पुढची रिंग फिरते. बोट अडकलं तर फोकस चुकतो आणि मोटरवर ताण येतो. डावा हात मागच्या झूम रिंगवर ठेवायची सवय करा. दुसरं, बॉडीच्या मेनूतलं लेन्स अ‍ॅबरेशन करेक्शन बंद ठेवा. ते चालू असलं तर बॉडी परक्या लेन्सला चुकीची दुरुस्ती लावू शकते आणि जास्त आयएसओला फोटोत गोल वलयं उमटतात. लोक लेन्सला दोष देत बसतात.

ट्यूबलाइटखाली १/५०० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, असं होणारच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर बर्स्टमधला (सलग काढलेल्या फोटोंतला) उजळ फोटो उचला.

हौद्याकाठी:
सिग्मा ठरली. जुनी घेताना नेमकं काय तपासू?

तांबडा_पांढरा:
फोकस आधी, भावा. २००डी मध्ये फोकस मायक्रो-अ‍ॅडजस्टमेंट (फोकसची चूक मेनूतून सुधारायची सोय) नाही आणि ही सिग्मा यूएसबी डॉकलाही (संगणकावरून लेन्स जुळवायचं उपकरण) लागत नाही. म्हणजे फोकस पुढंमागं पडत असेल तर घरी काहीच करता येत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, ५० मिमी, एफ/२.८, अंतर २ मीटर. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) फोकस करून एक फोटो. मग फोकस मुद्दाम बिघडवून व्ह्यूफाइंडरच्या मधल्या पॉइंटनं पाच फोटो, दर वेळी नव्यानं फोकस करून. लाइव्ह व्ह्यू सेन्सरवरूनच फोकस करतो, म्हणून तो फोटो मापाला. पाचही सारखेच मऊ आले तर लेन्स सोडा. एखादाच चुकला तर चालतंय.

मग ‘पुढारी’ची पानं भिंतीवर सपाट चिकटवा आणि समोरून काटकोनात, १७ मिमी, एफ/२.८ ला फोटो काढा. चारही कोपरे थोडे मऊ असणं ठीक. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच तिरकी झाली आहे, बहुधा लेन्स पडलेली असते.

झूमच्या दोन्ही टोकांना एफ/११ लावून फोटो काढायला विसरू नका. आतली फ्लेक्स केबल झिजली असेल तर एफ/२.८ ला सगळं ठीक दिसतं, आणि अ‍ॅपर्चर (आतलं उजेडाचं भोक) बंद व्हायची वेळ आली की स्क्रीनवर एरर ०१. विकणारे एफ/२.८ चेच फोटो दाखवतात!

शेवटी मागून टॉर्च मारा. चार धुळीचे कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

रंकाळ्याचा_वारा:
घेतल्यावरचं मी सांगतो. हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद असते, म्हणून तिची धूळ चिकट. कोरड्या फडक्यानं पुसली तर काचेवर रेघा. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, त्यावर राहिलं तरच लेन्स क्लीनर लावलेलं मायक्रोफायबर.

जोतिबाला सासनकाठ्यांच्या गर्दीत लेन्स बदलायची नाही, घरूनच १७-५० लावून जा. पुढं ७७ मिमीचा यूव्ही फिल्टर. पातळ प्लास्टिक पिशवीला भोक पाडून ते फिल्टरच्या कडेवर रबर बँडनं आवळा, पिशवीत झूम फिरेल एवढी ढिलाई ठेवा. झूम बाहेर आली की ती आत हवा ओढते, हवेबरोबर गुलाल. त्यामुळं उधळण चालू असताना २४ किंवा ३५ वर ठेवून पायानं पुढंमागं व्हा.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या बॅगेत लेन्स ठेवू नका, स्पंज ओल धरतो. झाकण घट्ट बसणारा डबा, सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ३० च्या खाली नको, आतलं ग्रीस सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून परत डब्यात.