मुल्फिंगेनची मुलं

युरोपात रोमा (पूर्वी भारतातून तिकडं गेलेला समाज) मुलांना सरकारनं आईबापांपासून तोडलं, त्यावर कुणीकुणी म्हणतं की तोडलं हे वाईटच, पण सरकारी देखरेखीत त्या मुलांचा जीव तरी वाचला असेल. नाही हो, नेहमी नाही. हिटलरच्या काळातलं, जर्मनीतल्या मुल्फिंगेन गावचं बघा. तिथं एक कॅथलिक बालगृह होतं, तिथल्या व्युर्टेंबर्ग प्रांताच्या सरकारनं सिंती-रोमा (सिंती म्हणजे जर्मनीकडचे रोमा) मुलं ठरवून तिथं एकत्र आणली, बऱ्याच जणांचे आईबाप तेव्हा छळछावणीत. आणि मग तिथं एव्हा युस्टिन नावाची नाझी वंशसंशोधक बाई आली, तिला पीएचडी करायची होती, थोडीफार रोमानी (रोमांची भाषा) बोलायची, मुलांशी खेळायची, खेळताना त्यांचं शूटिंग केलं, सगळं लिहून घेतलं. मुलं तिला लोली छाय म्हणायची, म्हणजे लाल केसांची पोरगी. (रोमानीत मुलगा म्हणजे छावो. आपला छावा आणि तो एकाच मुळातले शब्द, हे कळलं तेव्हा मला पुढचं वाचवेना.)

प्रबंध होईपर्यंत मुलं तिथंच ठेवली. ९ मे १९४४ ला सहलीला जायचंय असं सांगून ३९ मुलांना बाहेर काढलं आणि थेट ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. ऑगस्टच्या सुरुवातीला एका रात्रीत बहुतेकांना गॅस चेंबरमध्ये मारलं, वाचली फक्त चार.

आणि युस्टिन? युद्धानंतर फ्रँकफर्ट महापालिकेत नोकरीला, तेही लहान मुलांचीच मानसशास्त्रज्ञ म्हणून! चौकशी झाली, १९६० मध्ये बंदही झाली. शिक्षा काहीच नाही.