हे २००८ च्या कितीतरी आधीचं आहे

अमेरिकी निवडणुकांत विरोधकाच्या देशनिष्ठेवरच शंका घेणं २००८ च्या ओबामा-एअर्स प्रकरणापासून (एकेकाळचे जहाल डावे बंडखोर बिल एअर्स यांच्याशी ओबामांची असलेली ओळख) सुरू झालं, असं काही जण म्हणतात. नाही हो, १९८८ आठवा. शिक्षकांवर राष्ट्रनिष्ठेच्या शपथेची सक्ती करणारं विधेयक त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवार डुकाकिस यांनी १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना नाकारलं होतं, तेही न्यायालयाचं मत घेऊन. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी थोरल्या बुशनी तेवढ्यावरून त्यांना प्रचारभर झोडपलं. २००२ मध्ये तर कहरच. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि एक हात गमावलेल्या डेमोक्रॅट सिनेटर मॅक्स क्लीलंडविरुद्धच्या जाहिरातीत लादेन आणि सद्दामचे चेहरे! त्यांची जॉर्जियातली सिनेटची जागा गेलीच. (देशभक्तीचा आणखी कुठला पुरावा हवा होता, कोण जाणे.) २००८ मध्ये ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी मॅकेननी मिनेसोटात ओबामांना ‘अरब’ म्हणणाऱ्या बाईंकडून माइक काढून घेतला, हे मान्य. पण त्याच महिन्यात त्यांच्याच उपाध्यक्षपदाच्या उमेदवार पेलिनबाई ओबामांचं दहशतवाद्यांशी मैत्र जोडत फिरत होत्या.